इंजिन उघडण्याआधी मोजून घ्या: तापणारी जुनी गाडी, कमी होणारं कूलंट आणि दोन गॅरेजची दोन एस्टिमेट

ऐरोलीहून एका गाडीमालकांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०११ ची वॅगन आर, १,१८,००० किलोमीटर झालेली, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेली. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ चढताना गाडी तापते. आठवड्याला अर्धा लिटर कूलंट भरावं लागतं. सकाळी सुरू केली की पांढरा धूर येतो आणि पहिली दोन-तीन मिनिटं इंजिन थरथरतं, मिसिंग मारतं. एका गॅरेजने सांगितलं, ‘फुल इंजिनचं काम आहे, ५५ हजार.’ दुसऱ्याने सांगितलं, ‘हेड पॅकिंग उडालंय, १४ हजार.’ (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि हेड पॅकिंग म्हणजे तो व खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) शेजारी म्हणतात, पंधरा वर्षं होत आली, विकून मोकळे व्हा. तर नक्की काय करावं, आणि आपण फसत नाही ना हे कसं ओळखावं?

माझं वागळे इस्टेटला गॅरेज आहे आणि छोट्या पेट्रोल गाड्या हा आमचा रोजचा धंदा. मार्चनंतर उन्हं तापायला लागली की अशा गाड्या हमखास येतात. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुम्ही विचारलंय की ५५ खरे की १४ खरे. मला त्याच्या आधीचा प्रश्न मोठा वाटतो. आकडा सांगण्यापूर्वी या दोघांनी मोजलं काय? तुमच्या लिहिण्यात कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) तपासल्याचा उल्लेख नाही, रेडिएटरला प्रेशर देऊन बघितल्याचा नाही, साधे स्पार्क प्लग काढून बघितल्याचाही नाही. म्हणजे दोघांनीही धूर बघून, आवाज ऐकून अंदाज सांगितलाय. त्यांच्यापैकी कुणी खोटं बोलतंय असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्या लक्षणांवरून दोन्ही अंदाज निघू शकतात. पण अंदाजावर इंजिन उघडायचं नसतं. हेड एकदा उतरलं की कॉम्प्रेशन मोजायची संधी गेली. त्यानंतर ‘साहेब, पिस्टनच्या रिंगाही गेल्यात, आता सगळंच करून टाकू’ असा फोन आला, तर तुमच्या हातात विचारायला काहीच उरत नाही. म्हणून जे मोजायचं ते इंजिन जोडलेलं असतानाच मोजून कागदावर घ्या. या कामाचे काही पैसे वेगळे लागले तरी आनंदाने द्या.

आता, लांबून मी निदान करणार नाही. बरंच काही अशा गोष्टींवर अवलंबून आहे, ज्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. गाडी आजवर किती वेळा तापली, आणि तापल्यावर तुम्ही थांबलात की ‘जरा पुढे पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ म्हणून चालवत राहिलात? तुमच्या गाडीचं के-सिरीजचं ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्याचं हेड व ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियम उष्णता झटकन घेतं आणि जास्त तापलं की वाकतं. एकदा तापून लगेच थांबवलेलं इंजिन आणि लाल दिवा लागलेला असताना मानपाड्यापर्यंत रेटलेलं इंजिन, यांच्या दुरुस्तीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात रिंगांचा ताण जातो, आणि मग ५५ हजारवाला खरा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट, आजवर आत कूलंट भरलं की पाणी? घोडबंदरच्या कितीतरी सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. वॉचमन गाडी धुतो त्याच बादलीतलं रेडिएटरमध्ये जातं. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि आतून गंज सुरू होतो. असा रेडिएटर बाहेरून अगदी छान दिसतो.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची. ‘गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकू’ हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. व्हॉल्व्ह नसला की इंजिन वेळेत गरम होत नाही, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि झीज वाढते. तुमच्या गाडीत तो काढलेला असेल तर दुरुस्तीत परत बसवून घ्या.

आणि चौथी, जिच्यावर मी सगळ्यात जास्त भर देतो: गाडी नेमकी केव्हा तापते? कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की शांत होते, तर संशय आधी फॅनवर, त्याच्या रिलेवर किंवा सेन्सरवर जातो. उभ्या गाडीत हवा फक्त फॅनच ओढतो. याउलट वेगात किंवा चढावर तापते आणि जाममध्ये ठीक असते, तर फॅनचा संबंध कमी. मग रेडिएटर चोंदलेला, वॉटर पंपाचे पाते झिजलेले किंवा हेड पॅकिंगमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय, अशी शक्यता असते. तुम्ही गायमुखचा चढ लिहिलाय, पण जाममध्ये काय होतं ते लिहिलेलं नाही. गायमुखला जाम आणि चढ दोन्ही एकत्र भेटतात, म्हणून तेवढ्यावरून ठरवता येत नाही.

आता सीएनजीबद्दल, कारण दोन्ही गॅरेजनी हा मुद्दा काढलेला दिसत नाही. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बारपर्यंत भरलेला असतो. तो दाब उतरवणारा रिड्यूसर इंजिनजवळ बसवलेला असतो. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो, रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. त्यासाठी किट बसवताना तुमच्या कूलंटच्या पाइपला कुठेतरी कापून टी-जोड दिलेला आहे. हे जोड आणि त्यांच्या क्लिपा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. आठवड्याला अर्धा लिटर कूलंट तिथून सहज जाऊ शकतं. गरम इंजिनवर थेंब पडले की तिथल्या तिथे वाळतात, खाली डाग पडत नाही, आणि मालक म्हणतो ‘गळती तर कुठेच नाही’. अशा जागी टॉर्च मारून बघा. कूलंट वाळलं की पांढरट किंवा हिरवट-गुलाबी पापुद्रा राहतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे रिड्यूसरच्या आतली सील गेली तर गॅस थेट कूलंटमध्ये शिरतो. मग रिझर्व्ह टाकीत बुडबुडे येतात, पाइप कडक होतात, पाणी बाहेर फेकलं जातं, गाडी तापते. लक्षणं तंतोतंत हेड पॅकिंगची, आणि हेडला काहीही झालेलं नसतं! काही वेळा उलटं होतं, कूलंट गॅसच्या बाजूला जाऊन इंजिनमध्ये जळतं आणि पांढरा धूर येतो. म्हणून सीएनजीच्या गाडीत ‘बुडबुडे दिसले, हेड उतरवा’ असं म्हणणाऱ्याला जरा थांबवा. सीएनजीवाल्याकडून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या, लाइनमधला गॅस संपू द्या आणि थंड इंजिन फक्त पेट्रोलवर चालवून टाकीत बघा. बुडबुडे थांबले तर आधी रिड्यूसर. चालूच राहिले तर हेडकडे बोट जातं. रिड्यूसरला स्वतः पाना लावू नका आणि साध्या मेकॅनिकलाही लावू देऊ नका, ते काम किटवाल्याचं.

सकाळच्या मिसिंगमध्येही सीएनजीचा हात असू शकतो. तुमचं किट सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) असेल, तर गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन गरम झालं की गॅसवर जाते. म्हणजे तुमची ती थरथरणारी दोन-तीन मिनिटं नेमकी पेट्रोलवरची आहेत. सीएनजीवाले लोक टाकीत थोडंसं पेट्रोल ठेवतात आणि तेच महिनोन्‌महिने पडून राहतं. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ओलाव्याशिवाय असतं काय? असं शिळं पेट्रोल आणि अडकत चाललेले इंजेक्टर यांनीही सकाळचं मिसिंग होतं. पण दुसरं कारणही तितकंच शक्य आहे: रात्रभर हेड पॅकिंगमधून थेंब थेंब कूलंट एका सिलिंडरमध्ये उतरतं, सकाळी ते जळून जाईपर्यंत तो सिलिंडर मारत नाही, आणि तोच तुमचा पांढरा धूर.

या दोघांतला फरक प्लग सांगतो. माझ्याकडे अशी गाडी आली की मी मालकाला शेजारी उभं करून तिन्ही प्लग काढतो आणि फडक्यावर सिलिंडरच्या क्रमाने मांडतो. चालत्या इंजिनचे प्लग टोकाला फिकट तपकिरी किंवा राखाडी असतात. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जळतंय त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघतो, बाकीच्या दोघांशेजारी तो लगेच उठून दिसतो. ऑइल जळत असेल तर काळा, ओलसर, चिकट. मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडायचा. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे काजळी आणि एकाच पिस्टनवर, पॅकिंगच्या बाजूला, चकचकीत साफ पट्टा दिसला, तर बरंचसं उत्तर मिळालं. हा कॅमेरा आता मोबाइलला जोडून चालतो आणि फार महाग राहिलेला नाही. गॅरेजकडे नसेल तर त्यांना फार मोठी कामं सांगू नका.

धुराबद्दल दोन शब्द, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात. सायलेन्सरमधून सकाळी निघणारी पातळ पांढरी वाफ, जी हवेत लगेच विरते, ती थंडीपावसात चांगल्या गाडीलाही येते. काळजीचा पांढरा धूर दाट असतो, बऱ्याचदा इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही आणि त्याला गोडसर वास असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल. तो फक्त सकाळी सुरू करताना एक भपका मारून थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल तर रिंगा. पेट्रोल गाडीत काळा धूर म्हणजे जास्त पेट्रोल जातंय, तो इंजिन झिजल्याचा पुरावा नव्हे. आणखी एक फुकटची गोष्ट: जुन्या पीयूसीच्या चिठ्ठ्या फेकू नका. त्यांवरचा एचसीचा (हायड्रोकार्बनचा) आकडा वर्षागणिक चढत असेल तर इंधन न जळता बाहेर पडतंय. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चढत असेल तर मिश्रण जाड होतंय.

आता मोजमापाचा क्रम. पहिल्यांदा रेडिएटरची कॅप. ती कुकरच्या शिट्टीसारखी आतला दाब धरून ठेवते. एक बार दाब असला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. कॅपचा स्प्रिंग किंवा रबर गेलं की तो दाब राहत नाही, चढावर पाणी उकळून बाटलीतून बाहेर जातं, आणि पाचशेच्या आतल्या वस्तूसाठी लोक इंजिन उघडायला निघतात. कॅप तपासून घ्या किंवा सरळ नवी ओरिजिनल बसवा.

दुसरं, प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि काटा बघायचा. बाहेर कुठे गळत असेल तर तेव्हाच दिसतं, टी-जोडसुद्धा. बाहेर काहीच नाही आणि काटा तरी हळूहळू उतरतोय, तर गाडी तशीच रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी प्लग काढून स्टार्टर फिरवला की दोषी सिलिंडरच्या भोकातून पाण्याची फवारणी उडते. हे गॅरेजमध्ये उभं राहून बघण्यासारखं आहे, नंतर कुणी कुणाला पटवून द्यायची गरज राहत नाही.

तिसरं, रिझर्व्ह टाकीच्या किंवा रेडिएटरच्या तोंडाशी धरायची केमिकल टेस्ट. निळं द्रव असतं, जळालेला वायू त्यातून गेला की ते पिवळं पडतं. सीएनजीच्या गाडीत ही टेस्ट मला फार आवडते. रिड्यूसरमधून कच्चा गॅस गळत असेल तर द्रव निळंच राहतं, कारण ते ज्वलनातल्या कार्बन डायऑक्साइडने बदलतं. म्हणजे बुडबुडे आहेत आणि रंग निळाच, तर रिड्यूसर. बुडबुडे आणि पिवळा रंग, तर हेड.

चौथं, कॉम्प्रेशन. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग काढलेले, पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) दरम्यान आकडे आले तर छान. एकूण आकड्याइतकाच आपसातला फरक महत्त्वाचा: एक किलोच्या वर फरक गेला की कारण शोधायचं. समजा १३, १३ आणि ८ आले. आठवाल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा ११ च्या आसपास चढला तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजलाय. आठच्या आठच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर त्यांच्यामधली पॅकिंगची भिंत फुटलीय. सीएनजीच्या गाडीत व्हॉल्व्हचा संशय जास्त धरायचा. पेट्रोलची ओलसर फवारणी व्हॉल्व्हला थोडं थंड ठेवते, गॅसमध्ये ते होत नाही. व्हॉल्व्हची बसायची जागा म्हणजे सीट झिजत जाते, टॅपेटची (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची) फट मिटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. बऱ्याचदा टॅपेट सेट केल्यावर कॉम्प्रेशन परत येतं.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून पॅकिंग ठीक आहे असं समजू नका. पाण्याच्या वाटेवर केसाएवढी फट असेल तर कॉम्प्रेशन जवळपास नॉर्मल येतं. म्हणून प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन दोन्ही करायच्या. आणि स्कॅनरवर फार विसंबू नका. स्कॅनर फार तर ‘अमुक सिलिंडर मिसफायर’ सांगतो, का ते सांगत नाही.

या चार टेस्टना मिळून अर्धा दिवस लागतो, प्रेशर रात्रभर ठेवलं तर एक रात्र. त्यातून तुमच्या दोन एस्टिमेटपैकी कुठलं बरोबर ते कळेल, किंवा दोन्ही चूक निघून तिसरंच काही सापडेल. तुमची लक्षणं वाचून माझा कल हेड पॅकिंगकडे किंवा रिड्यूसरकडे आहे. फुल इंजिनकडे नाही, कारण तुम्ही निळा धूर किंवा ऑइल कमी होत असल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. डिपस्टिक नियमित बघत असाल तर तेही सांगा. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाणारं, चढावर निळा धूर मारणारं, दोन-तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं आणि खालून जड ठोक्याचा आवाज येणारं इंजिन असेल, तर मी स्वतः फुल इंजिन करा म्हणेन. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची असते, तिला घाबरू नका. खालचा दबका ठोका बेअरिंगचा असतो, त्याला घाबरायलाच हवं.

समजा हेड उतरवायचं ठरलं. मग चांगलं काम आणि जुगाड यांतला फरक पुढच्या काही गोष्टींत आहे. हेड उतरल्यावर त्यावर स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाकण्याचं माप घेतलं पाहिजे. बऱ्याच छोट्या इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळ्याने काहीच दिसत नाही. ‘बघितलं, सरळ आहे’ हे उत्तर चालणार नाही, गेज लावलेला फोटो मागा. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही त्याच पद्धतीने बघायचा, तो बरेच जण विसरतात. हेड मशीन शॉपला जाऊन तडा आहे का ते प्रेशरवर तपासून आणि गरज असेल तेवढंच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून यायला हवं. मशीन शॉपचं वेगळं बिल मागा. हेड उतरलेलं आहे तोवर व्हॉल्व्ह सील बदलून आणि व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) करून घेण्यात शहाणपण आहे, कारण तीच मजुरी परत लागणार नाही. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट जुने असतील तर तेही. हेडचे बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे. कंपनी नवे बोल्ट सांगत असेल तर नवेच घ्यायचे.

गॅरेज निवडताना मी लोकांना हेच सांगतो: बोर्ड आणि वेटिंग रूम बघू नका, टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज आणि प्रेशर टेस्टर आहेत का ते विचारा. वागळे इस्टेटला, तुर्भ्याला, रबाळ्याला चांगले कारागीर आहेत आणि मशीन शॉपही जवळ मिळतात. एस्टिमेट लेखी घ्या, त्यात पार्ट, मजुरी, मशीन शॉप आणि ऑइल-कूलंट वेगवेगळं लिहिलेलं असू दे. ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ या शब्दांवर होकार देऊ नका. हाफ इंजिनमध्ये काय काय येतं हे गॅरेजगणिक बदलतं. उघडल्यावर काम वाढलं तर फोटो पाठवून, आकडा सांगून, तुमचा होकार आल्यावरच पुढे जायचं, हे आधी ठरवा. जुने पार्ट परत मागा. गॅस्केट किट ओरिजिनल आणि बिलासह, पार्ट नंबर लिहिलेलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात आणि दरवाजा, आरसा, दिवा यांसाठी मीही ग्राहकांना तिकडे पाठवतो. पण पॅकिंग, बोल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट कधीही जुने नाहीत. कुणी जुनं इंजिनच बसवू म्हणालं तर लक्षात ठेवा, इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करावी लागते, आणि ते इंजिन कुठून आलं याची कागदपत्रं नसतील तर पुढे डोकेदुखी तुमची.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती थांबवायची पावडर टाकायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. चार दिवस गळती थांबते आणि मग रेडिएटरच्या नळ्या व हीटरची जाळी तुंबते. तेव्हा खरं कारण शोधणं आणखी अवघड होतं.

आता विकावी की ठेवावी. १५ वर्षं झाली म्हणून खासगी गाडी आपल्याकडे आपोआप भंगारात जात नाही. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून आरसीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी ५,००० रुपये झाली, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. पीयूसी, विमा आणि आरसीवर सीएनजीची नोंद असायला हवी. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) बघून घ्या. हे सगळे खर्च दुरुस्तीच्या आकड्यात मिळवा, मग त्याची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करू नका. तुलना करा ती दुसरी भरवशाची गाडी घ्यायला जे घालावे लागतील त्या पैशांशी.

आणि इंजिनापेक्षा आधी गाडीच्या खाली बघा. ऐरोलीला खाडीची खारी हवा आहे. गाडी लिफ्टवर घेऊन फ्लोअर, दरवाज्यांखालच्या सिलच्या कडा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या माउंटिंगच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. इंजिन पुन्हा नीट होतं, पण माउंटिंगपाशी सडलेल्या पत्र्यावर मी कुणालाही पैसे घालायला सांगत नाही. खालचा पत्रा ठणठणीत असेल आणि टेस्टमध्ये रिंगा चांगल्या निघाल्या, तर ही गाडी ठेवा. पत्रा गेला असेल तर दोष न लपवता, टेस्टचे आकडे दाखवून, त्या किमतीत विका.

तोवर काय? सकाळी ऑइलची डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं किंवा पातळी आपोआप वाढलेली असली, तर गाडी सुरूच करू नका, क्रेनवर घालून न्या. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही आणि १४ हजारांचं काम काही किलोमीटरांत ५५ चं होतं. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर तो बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साठलेला ओलावा असतो. ऑइल स्वच्छ असलं तरी दुरुस्तीपर्यंत गायमुख चढवू नका. ठाण्याला जायचं तर ट्रान्स-हार्बर लोकलने जा. रस्त्यात तापलीच, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, आणि पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरची कॅप अजिबात उघडायची नाही, त्या वाफेने चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. थंड पाणीही लगेच ओतायचं नाही, तापलेल्या हेडला त्याने तडा जातो.

दुरुस्तीनंतर कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण, आणि भरल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढलेली. थंड गाडीत रिझर्व्ह टाकीवर मार्करने रेघ मारा आणि पुढचे दोन आठवडे रोज सकाळी तिचा फोटो काढा. आत पाणी गेलेलं असेल तर साधारण ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, नवीन दिसत असले तरी. गायमुखचा पहिला चढ पेट्रोलवर चढवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सीएनजीवर. पेट्रोलवर शांत आणि सीएनजीवर गरम, असं झालं तर हेडच्या कामात दोष शोधत बसू नका. किटचं मिश्रण पातळ पडलंय, त्याने इंजिन जास्त तापतं. लॅपटॉप लावून ट्यूनिंग करणाऱ्या सीएनजीवाल्याकडे जा आणि गाडी लोडवर चालवून सेटिंग करून घ्या, उभ्या गाडीत नको.